बोअरच्या गाडीवर फुटबॉलवाला

"साहेब, हा माणूस ड्रिलर नाही," म्हणत मी फॉर्म टेबलावर ठेवला. अनुभवाच्या रकान्यात एकच ओळ होती. स्कॉटलंडमध्ये व्यावसायिक फुटबॉल, अकरा वर्षं, दोन क्लब. संपलं.

लातूर जिल्हा नुकताच झालेला. जिल्हा नवा, दुष्काळ जुनाच. मी कंधारचा, लातूरच्या भूजल खात्यात ज्युनिअर जिऑलॉजिस्ट म्हणून रुजू झालेलो. बोअर पाडायची गाडी, म्हणजे रिग, अख्ख्या जिल्ह्याला एकच. तिचा ऑपरेटर कावीळ होऊन घरी पडला, म्हणून मुंबईच्या एका संस्थेनं हा डंकन पाठवला. चाळिशीचा, एका पायानं लंगडणारा.

रिगचा हॅमर हवेच्या दाबानं खडक फोडत खाली जातो. वरची माती ढासळू नये म्हणून लोखंडी पाइप उतरवतात, त्याला केसिंग म्हणतात. केसिंग कमी पडलं तर दगडमाती कोसळून हॅमर आतच अडकतो. मागच्याच महिन्यात एका नवख्यानं तो अडकवला होता. साईट माझी, मेमोही मलाच. दुधानं तोंड पोळलेलं, आता ताक फुंकून पिणारच की!

मी डंकनला विचारलं, कधी ड्रिलिंग केलंय का? तो भडाभडा बोलला. त्याचं इंग्रजी माझ्या डोक्यावरून गेलं. मग गुडघ्यावर थाप मारून हसला. त्या हसण्यानंच माझा संशय पक्का झाला. संस्थेला तार केली आणि उत्तर येईपर्यंत काम थांबवलं.

रिग तोवर एका गावाच्या बौद्धवस्तीत जाऊन उभी होती. तिथली एकुलती विहीर तळाला गेलेली. बाया पायऱ्या उतरून वाटीवाटीनं घागर भरायच्या. वस्तीतल्या गोदावरीबाईंची सून सातव्या महिन्यात, तीही उतरायची. तिसऱ्या दिवशी बाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"जय भीम साहेब. गाडी दारात हाय, मानूस हाय. मग कशाची वाट बघायलाव?"

चौकशी चालू आहे, म्हणालो. दुसरं काय सांगणार?

पाचव्या दिवशी वरून विचारणा झाली, रिग रिकामी का? साहेब माझ्यावर उखडले. तुमची चौकशी खुशाल चालू द्या म्हणाले, आणि रिग डंकनसकट निलंग्याकडे दुसऱ्या ज्युनिअरच्या हाताखाली पाठवली. तिथे त्यानं चार बोअर पाडले. हॅमर एकदाही अडकला नाही.

मग संस्थेचं उत्तर आलं. तिकडे लहान क्लबातले खेळाडू आठवडाभर नोकरी करतात, संध्याकाळी सराव आणि शनिवारी सामना. डंकन ती अकरा वर्षं आणि पुढचीही कोळशाच्या खाणीत ड्रिलरच होता. माझी पार जिरली.

रिग परत आली तेव्हा सतरा दिवस उलटले होते. हे फॉर्मात का नाही लिहिलं, मी त्याला विचारलं. या वेळी तो माझ्यासाठी सावकाश बोलला.

"आमच्या गावात खाणीत सगळेच जातात. ते काय लिहायचं? फुटबॉल मी एकटाच खेळलो."

वीस फूट केसिंग पुरेल, असा माझा रिपोर्ट होता. त्यानं हॅमरच्या दांड्यावर हात ठेवून हादरा जोखला, नाही म्हणून मान हलवली आणि केसिंगचा आणखी एक पाइप मागितला. मी निमूट दिला. एकशे सत्तर फुटांवर पाणी उसळलं. वस्तीतली माणसं भिजत उभी राहिली.

गोदावरीबाईंची सून मात्र लांब, भिंतीला टेकून बसली होती. उजवा हात प्लास्टरमध्ये. रिग गेल्याच्या आठवड्यात ती विहिरीच्या पायरीवरून घसरली होती. पोटातलं वाचलं, हात मोडला.

"पानी लागलं, लई चांगलं झालं साहेब," बाई म्हणाल्या. "पर ह्यो मानूस सतरा दिसामागंबी हितंच हुता. गाडीबी हितंच हुती."

पुढे नोकरीभर कुणाचा संशय आला, तर त्याला तिथल्या तिथे कामाला लावलं आणि शेजारी उभा राहिलो. अर्ध्या दिवसात कळतं.