हौ म्हणजे ऐकलो

त्रिवेणी हैदराबादेतल्या एका छोट्या तारांगणात निवेदन करते. दिवसाढवळ्या दारं लावून घुमटावर चांदण्या दाखवतात, आणि त्या काळोखात ही बाई बोलत राहते, हिंदीत. बोलते पण अशी, की पोरं आ वासून वर बघत बसतात. बाहेरही तिचं तेच. काचीगुड्याच्या घरी भाजी निवडता निवडता तिची नजर भिंतीच्या पार जाते, आणि नवरा कुलदीप म्हणतो, "झालं! निघाल्या बाईसाहेब वर." खोटं कशाला बोला, ती असतेच वर.

मनात मात्र एकच ध्यास होता. एक खेळ मराठीत व्हावा. इतकी मराठी माणसं या गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली, त्यांच्या लेकरांनी व्याध आणि सप्तर्षी आपल्या भाषेत ऐकायचे तरी कधी? ती साहेबांच्या खोलीत जायची, डोळे अर्धे मिटून हे सगळं सांगायची. तारांगणाचे प्रमुख केशवराव साहेब मूळचे वरंगलचे, मराठी अर्धीमुर्धी कळणारे. ते शांतपणे म्हणायचे, "देखेंगे."

मग एकदा सगळ्यांना शिबिराला बसवलं. माणसांच्या स्वभावाचे चार प्रकार: आग, पाणी, माती, वारा. ज्याचा जो प्रकार, त्याच्याशी त्या रीतीनं बोलावं. बाकीचे जांभया देत होते, त्रिवेणी मात्र हरखून गेली. आपण वारा, हे तिनं चहा यायच्या आधीच ठरवून टाकलं. साहेब म्हणजे माती. मातीला स्वप्नं सांगून काय उपयोग? दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांना फक्त सांगितलं की रविवारी सकाळी घुमट रिकामाच असतो, आणि मराठी मंडळं लोक आणायला तयार आहेत. बस्स, तेवढंच. साहेबांनी चष्मा काढला. "एक शो करो. जमा तो हर महिने. नै तो फिर ये बात नक्को." त्या दिवशी बाई घरी चालत नाही, तरंगत आली.

राहिला गौतम. तो चांदण्या दाखवायचं यंत्र चालवायचा. सिकंदराबादचा, आईबाप परभणीकडून आलेले. घरात मराठी बोलायचा, पण वाचायला अडखळायचा. काहीही सांगा, मान हलवून म्हणायचा, "हौ ताई." त्रिवेणीनं एका झटक्यात ठरवलं, हा पाणी. पाण्याला धक्का द्यायचा नाही, गोंजारायचं.

"गौतम, तुझ्या हाताला काय जादू आहे रे! मी बोलता बोलता थांबेन, ते ओळख आणि मग चांदण्या सोड, हं?"

"हौ ताई."

"आणि मी दर वेळी वेगळं बोलेन. मनात येईल तसं."

"हौ ताई."

किती गुणाचा माणूस, असं म्हणून ती पुन्हा वर निघून गेली.

शनिवारी तालीम झाली आणि सगळा विचका. ती काळोखाचं बोलतेय तोवर चांदण्या लागल्या. ती सप्तर्षी म्हणाली तेव्हा वर भला थोरला चंद्र! उद्या लोक येणार, आणि हे असं?

"अरे, हौ म्हणाला होतास ना?"

"हौ म्हणजे ऐकलो, ताई," गौतम म्हणाला. "करतो कुठं म्हणलो? आमच्या घरी हौ म्हणजे ऐकलो, इतकंच."

"मग जमणार नाही म्हणून सांगायचंस!"

"विचारलात कुठं तुम्ही? नुसती लाडीगोडी लावायलात. लेकराला दवा पाजवायलेत तसं. राग आला मला." त्यानं यंत्राच्या बटनावर बोट ठेवलं. "एक पक्का शब्द द्या. तो आला की मी बटन दाबतो. तुमच्या मनातलं मला कसं दिसंल?"

त्रिवेणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याचा प्रकार काढण्यात ती इतकी रमली होती, की त्याला एक साधा प्रश्न विचारायचा राहिला होता. मग दोघं जवळ बसले आणि एकेक जागा ठरवली. "वर बघा" म्हटलं की चांदण्या. त्यात बदल नाही.

रविवारी घुमट भरला. शेवटच्या रांगेत साहेब. दिवे मालवले, आणि काळोखात चहूकडून मराठी कुजबुज उठली. "आई, मला दिसंना गं." "गप बस, बाई बोलतील आता." किती वर्षं तिनं हा आवाज मनातल्या मनात ऐकला होता! तिचा गळा दाटून आला, आणि तोंडून शब्दच फुटेना. एक लेकरू रडायला लागलं. साहेब खाकरले. संपलं, तिला वाटलं, आपल्याच हातानं संपवलं आपण.

तेवढ्यात यंत्राजवळच्या माईकवरून आवाज आला, घोगरा, घाबरलेला. "लाईट गेली नाही, घाबरू नका. ताईंचा गळा भरून आलाय. होतं तसं. तवर तुम्ही वर बघा."

आणि चांदण्या उमटल्या. आधी लोक हसले, मग सगळ्यांच्या तोंडून एकदमच "अय्यो!" निघालं. त्रिवेणीनं श्वास घेतला आणि बोलायला लागली. मग कुठली थांबतेय!

खेळ संपल्यावर साहेब आले. "हर महिने," ते म्हणाले, आणि गौतमकडे बोट केलं. "पर ये भी बोलेगा."

"नाही, साहेब," गौतम म्हणाला. "आज अडलं म्हणून बोललो. दर वेळी नाही जमणार मला."

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. महिनाभरापूर्वी त्रिवेणीनं त्याला गोड बोलून घोळात घेतलं असतं. आज ती म्हणाली, "नाही म्हणतोय ना तो, सर. मग नाहीच. मी बोलेन." तिचे डोळे भरले होते आणि हसूही आवरत नव्हतं. साहेब "ठीक है" म्हणून निघून गेले. त्रिवेणी गौतमशेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "चल, पुढच्या महिन्याला काय दाखवायचं? तू आधी सांग."