संशय फिटल्यावर

कापणी झाली की आमच्या रिहे गावात सगळीकडे भाताच्या पेंढ्याचा वास भरून राहतो. काल संध्याकाळी तो खिडकीतून आत आला आणि मला खूप वर्षांपूर्वीचा नववीचा एक तास आठवला.

मी रहस्यकथा शिकवत होते. कारखान्यात चोरी होते, पहारेकऱ्यावर आळ येतो आणि शेवटी खरा चोर सापडतो. "गोष्टीत सर्वांत जास्त कोण बदललं?" मी विचारलं. सगळे म्हणाले, चोर. त्याला पश्चात्ताप होतो ना!

मागच्या बाकावरची नसीम उठली. "पहारेकरी, बाई. आदी त्यो सगळ्यांशी बोलायचा. चोर घावला तरी त्यो गप्पच हाय." मग म्हणाली, "आमचे अब्बा बी तसंच करत्यात."

उरवड्याच्या एका कारखान्यात तिच्या वडिलांवर असाच आळ आला होता. पुढे ते निर्दोष ठरले, तरी त्यांच्याकडे कुणी फिरकत नव्हतं.

शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर घरी गेले. ओसरीत पेंढ्याच्या भाऱ्यांशेजारी अब्बा एकटेच बसले होते. "बसा की बाई," म्हणाले, आणि मग थांबलेच नाहीत. भाताबद्दल, बैलांबद्दल, खचलेल्या रस्त्याबद्दल अंधार पडेपर्यंत बोलत राहिले. नसीम दारात उभी राहून त्यांच्याकडे नुसती बघत होती.

किती बोलतात हे, असं तेव्हा मनात आलं होतं.

आता यजमान नाहीत, मुलगा परदेशात. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही मी आग्रहाने बसवते, चहा टाकते आणि तो उठू नये म्हणून बोलत राहते.