आत्याचे कुरव आणि मिलिंदचे गाठिये

आत्या गेल्याचं मला घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. तिच्या मुलानं, मिलिंदनं, ‘पक्षिप्रेमी आई अनंतात विलीन’ असं लिहून उडत्या पक्ष्याचं चित्र टाकलं होतं. पक्षी बगळा होता! आत्यानं सगळे हिवाळे समुद्रावरच्या कुरवांमागे, म्हणजे सीगल पक्ष्यांमागे घालवले, आणि पोटच्या मुलाला म्हशीच्या पाठीवरचा पक्षी ओळखू येऊ नये...

थंडी पडली की ती तरसालीच्या माझ्या घरून मला गाडीत घ्यायची, वाटेत पादरा गावात चहा, मग थेट खाडी. ओहोटीच्या चिखलात लाल चोचीचे, लाल पायांचे कुरव किडे-खेकडे वेचत फिरायचे. “आता डोकं पांढरं, डोळ्यामागे तेवढा काळा डाग. परतायच्या वेळी डोकं तपकिरी होईल. मग हिमालयापलीकडच्या तळ्यांवर जाऊन संसार मांडतील,” ती सांगायची. मासेमारीच्या होडीमागे कुरव लागले की खूश व्हायची. सहलीला आलेल्यांनी त्यांच्यापुढे शेवेसारखे जाडे गाठिये उधळले की मात्र भडकायची. एकदा एका शेटजींना तिनं सुनावलं, “भाई, आ दरियानुं पंखी छे, तमारो महेमान नथी.” ते म्हणाले, “बहेन, पुण्य मळे.” आत्या माझ्याकडे वळून म्हणाली, “बघ, यांचं पुण्यसुद्धा तळलेलं.”

मागच्या रविवारी मिलिंदनं सगळ्यांना त्याच किनाऱ्यावर नेलं. आत्याच्या फोटोचा फलक, व्हिडिओवाला आणि कुरवांना घालायला गाठियांची भलीमोठी पिशवी. मी पिशवी उचलली, गाडीत जाऊन बसले आणि दार आतून लावून घेतलं.

“ताई, असं काय करतेस? आईला आनंद झाला असता!” तो काचेवर टकटक करत म्हणाला.

“तुझी आई तुला इथंच चिखलात उभं करून निघून गेली असती.”

तो हात हलवत कुरवांना बोलावत राहिला. ते लांब, पाण्याच्या कडेला आपलं पोट भरत होते. एकानंही मान वळवली नाही. शेवटी व्हिडिओवाला कंटाळला. “फालतू पक्षी,” मिलिंद म्हणाला.

आत्याचा एखाद्यावरचा राग शब्दांपलीकडे गेला, की ती गप्प व्हायची आणि तिचा खालचा ओठ किंचित पुढे यायचा. तो माणूस तिच्यापुरता संपला, असं समजायचं. परतताना पादऱ्याजवळ मिलिंदनं विचारलं, “फरसाणला थांबू या?” मी उत्तर दिलं नाही. गाडीच्या आरशात सहज नजर गेली... माझा खालचा ओठ पुढे आला होता.