भाऊचं अक्षर

गाठींचा कॅन्सर किमोनं गेला अन् वर्षभरात परत आला. मुंबईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्याच रक्तातल्या लढाऊ पेशी काढू, लॅबमध्ये त्यांना गाठ ओळखायला शिकवू अन् परत अंगात सोडू." मी कधी शाळेत गेलो नाही, माझ्या पेशी जाऊन आल्या.

आल्या त्या मारामारी करतच. अंगात कोणी लाथा घालतंय असा ताप. दात आपटून जीभ फाटली.

बाईंनी आधीच बजावलं होतं, "ह्या पेशी कधीकधी डोक्यावरही हल्ला करतात. रोज सकाळी एक वाक्य लिहायचं. अक्षर बिघडलं की लगेच औषध देऊ."

फैजपूरला केळीचे घड कापण्यात मी पुढे, पण पेन कसा धरतात ते ठाऊक नाही. बाईंसमोर लाज वाटली. सोबत मोठा भाऊ होता, धुळ्याला एसटीत कंडक्टर.

"भाऊ, तू लिही ना. बाईले सांगू नको."

"पेपर तुझा अन् लिहू मी?"

"पास तर मलेच व्हायचंय!"

मग रोज नर्स यायच्या आत भाऊ लिहून ठेवी, 'आज मला बरं वाटतं.' अक्षर मोत्यासारखं.

पाचव्या सकाळीही तेच मोती. मला मात्र भाऊच्या मानेच्या जागी केळीचा दांडा दिसत होता. हातातली सुई उपसली, सलाइनचा लोखंडी स्टँड उचलला अन् घातला. "घड पडतोय, खाली धर!" असं ओरडत होतो म्हणे. भाऊचे पुढचे दोन दात गेले, ओठ फाटला. दुसरा घाव मानेवरच बसता, पण चौघांनी मला दाबलं. त्यातल्या एकाला चावलो.

बाईंनी कागद बघितला. "हे ह्यांनी आज लिहिलं?"

भाऊ रक्त थुंकत म्हणाला, "मी लिहिलं, बाई. पहिल्या दिवसापासून. त्याला लिहिता येत नाही."

बाईंनी तिथंच डोक्याची सूज उतरवायचं औषध दिलं. आणखी उशीर झाला असता तर संपलो होतो.

दोन दिवसांनी शुद्ध आली. हात खाटेला बांधलेले, समोर भाऊचं तोंड सुजलेलं.

"भाऊ, कोणी मारलं रे तुले? नाव सांग, हातपाय तोडतो त्याचे!"

"राहू दे," भाऊ म्हणाला. "अडाणी आहे बिचारा."

पुढच्या स्कॅनमध्ये गाठी दिसल्या नाहीत. आता भाऊ रविवारी धुळ्याहून येतो, मला अ-आ गिरवायला बसवतो. बसायच्या आधी माझा कोयता उचलून बाहेर ठेवतो.