सेटवरचं आमचं घर

परभणीकडचं आमचं गाव मी सोडलं त्या सकाळी एसटीची वेळ होत आली होती, आणि माय राखेने भांडी घासत बसली होती. लेक मुंबईकडे निघाली, तर हिचं आपलं ताट, तांब्या, घागर. मी चिडले. "माय, गाडी जाईल ना!" ती मान वर न करता म्हणाली, "तुला पोचवायला लोक येतील. लोक आपल्या घरात आधी भांडी बघतेत, मग माणसं." मांडणीवर सगळं ओळीने लागलं, भिंतीवरची निळ्या कोटातली तसबीर पुसून झाली, तेव्हा कुठे तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

गल्लीत राहिलेल्या तुमच्यासाठी हे लिहितेय. माझ्यासारखे जे निघून बेलापूर, ऐरोलीच्या फ्लॅटांत स्थिरावलेत त्यांच्यासाठीही. कारण या वर्षी माझं डोकं फार उठलंय.

मी नेरूळला राहते. माय आता माझ्याजवळ असते, भांड्यांसकट. सिरीज आणि सिनेमांच्या आर्ट डिपार्टमेंटमध्ये माझं काम. कुठल्या पात्राच्या घरात कोणती वस्तू ठेवायची ते मी बघते. इतकी वर्षं झाली, पण गोष्टीत आपली वस्ती आली की मागणी तीच. फुटका कप, चेपलेलं जर्मनचं पातेलं, फाटकी गोधडी आणि कोपऱ्यात झाडू. झाडू तर हवाच! जणू बाकीच्यांच्या घरात केर आपणहून बाहेर जातो.

या वेळी सेट शिरवण्याजवळच्या एमआयडीसीतल्या एका बंद शेडमध्ये होता. दिग्दर्शक निखिल, तिशीतला, मनाने चांगला. अन्यायाविरुद्ध काहीतरी करायचंय असं मनापासून म्हणणारा. मी ठरवलं, या वेळी खरं घर लावायचं. मायची मांडणी, घागर, स्टीलची ताटं टेम्पोत घालून नेली. शिलाई मशीन ठेवलं, त्यावर विणलेलं झाकण. ट्रंकेवर पुस्तकं रचली. भिंतीवर तीच निळ्या कोटातली तसबीर.

निखिल आत आला, सगळीकडे फिरला. "ताई, घर मस्त झालंय. पण वाटत नाही."

"काय वाटत नाही?"

तो अडखळला. "म्हणजे... त्यांचं वाटत नाही."

"माझं आहे ते. ही भांडी माझ्या आईची आहेत."

तो कानापर्यंत लाल झाला. पण थांबला नाही. "तसं नाही हो. ऑडियन्सला लगेच कळायला हवं ना. थोडं मळवू या." आणि पेंटर काळपट रंगाची बादली घेऊन घागरीपाशी आलासुद्धा. मी घागर उचलून पोटाशी धरली. सगळं युनिट बघत राहिलं.

मला आमचे आबा, माझे वडील, आठवले. गावच्या हॉटेलात आपल्यासाठी वेगळा, फुटका कप असायचा, बाहेरच्या भिंतीत खोचलेला. आबा त्याला कधी शिवले नाहीत. "घरी चहा आहे की," म्हणायचे आणि पुढे चालू लागायचे.

"फुटका कप आमच्या घरात नव्हताच रे," मी निखिलला म्हणाले. "तो ठेवणाऱ्यांचा होता. दाखवायचाय ना? तुझ्या गोष्टीतल्या पाटलाच्या परसात दाखव. त्याची लाज आमच्या चुलीपाशी का मांडतोस?"

निखिलने ते लिहून घेतलं. मग कप खरंच पाटलाच्या परसात गेला. मला वाटलं, जिंकले. दुसऱ्या दिवशी बघते तर वस्तीतलं घरही भाड्याच्या भांड्यांनी मळवून तयार! निखिल म्हणाला, "दोन्ही ठेवू या, ताई. टेन्शन नको." मी त्या घराला हात लावणार नाही म्हणून सांगितलं आणि मायची भांडी परत घरी आणली.

सिरीज आली. आमच्या सोसायटीतल्या एक बाई लिफ्टमध्ये भेटल्या, त्या घराचा सीन बघून रडू आलं म्हणाल्या. यांच्याच घरी कामवाल्या मावशींचा कप फ्रिजवर वेगळा असतो. त्याचं रडू कधी येणार, कोण जाणे.

मग गावाहून चुलतबहिणीचा फोन आला. "ताई, त्यात घर कोणाचं दाखवलं गं? आपल्या गल्लीत असं कुणाचं हाय?" मायने फोन ओढून घेतला. "कोणाचंच न्हाई, बाई. त्यांच्या डोक्यातलं हाय."

त्या दिवसापासून मी एक ठरवलंय. गावचं घर आता कुलपात असतं, इथला फ्लॅट एका बेडरूमचा, पण कुणी मला घर म्हणजे काय विचारलं तर सांगायला शब्द शोधत नाही, सरळ घरी बोलावते. निखिलने पुढच्या कामासाठी फोन केला, तेव्हा म्हणाले, "आधी आमच्याकडे जेवायला ये. बघ, बस, मग कामाचं बोलू." तो वाशीलाच राहतो, फार लांब नाही. दोन रविवार झाले, काही ना काही निघतं त्याचं. माय मात्र शनिवारी मला विचारते, "उद्या येतोय का गं तो पोरगा? भाकरी खातो का ते विचारून ठेव."