आयटी-शा आणि फुमिएताई

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. टेकआउटच्या सॉसच्या पाकिटांसारखे ते आपोआप साठतात! वेस्ट विंडसरमधल्या आमच्या जपानी नाचाच्या क्लासचे तर ढीगभर आहेत. आम्ही चार मराठी आयटीवाल्या, आणि शिकवायला फुमिए. वय पंच्याहत्तर, तरुणपणी जपानमध्ये गेशा, लग्न होऊन न्यू जर्सीत आलेल्या.

*

पहिल्याच दिवशी आमच्यातल्या शुभांगीने त्यांना आदराने 'काकू' म्हटलं. अर्थ कळल्यावर बाईंचा चेहरा पडला. म्हणाल्या, "आमच्यात ऐंशीची गेशाही ताईच असते!"

त्या दिवसापासून फुमिएताई.

*

शुभांगीला सोडायला आलेल्या तिच्या सासऱ्यांनी एकदा चाचरत विचारलं, "गेशा म्हणजे... नेमकं काय हो?"

आम्ही माना खाली घातल्या. ताई शांतपणे म्हणाल्या, "गेई म्हणजे कला, शा म्हणजे माणूस. मी कलेची माणूस. तुमची सून, आयटी-शा!"

काका हल्ली सुनेची ओळख तशीच करून देतात.

*

एकदा क्लास झूमवर होता. पंखा उघडून धरलेल्या ताई मध्येच स्तब्ध. शुभांगी ओरडली, "ताई, यू आर फ्रोझन! वायफाय रीस्टार्ट करा!"

पापणीही न हलवता ताई म्हणाल्या, "वायफाय ओके. धिस इज द डान्स."

*

मग ताईंच्या गुडघ्यांनी दगा दिला. उभं राहून नाचायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. ताईंनी क्लास बंद करायचं ठरवलं. "बसून नाचणाऱ्या बाईला टाळ्या मिळतात, पण दयेच्या," त्या म्हणाल्या. आम्हाला रडूच आलं.

"ताई, क्लासच्या कार्यक्रमात एकदा बसून नाचा. मग काय ते ठरवा," शुभांगीने गळ घातली. कशाबशा तयार झाल्या.

*

कार्यक्रम जुलैत. हॉलचा एसी बंद पडलेला, सगळे घामाघूम. नाच होता बर्फात कुणाची तरी वाट बघणाऱ्या बाईचा. ताई खुर्चीत, हातात फक्त पंखा.

माझ्या सासूबाई नुकत्याच नागपूरहून आल्या होत्या. नाच कशावर आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. नाच निम्म्यावर आला आणि त्या एकदम उठल्या.

"आई, बसा ना!" मी पदर ओढला. कुठलं काय! त्या थेट स्टेजवर चढल्या आणि एसीच्या धास्तीने आणलेली आपली शाल त्यांनी ताईंच्या खांद्यांवर घातली. ताईंनी ती अंगाभोवती घट्ट ओढून घेतली आणि नाच पुढे चालू ठेवला.

सासूबाई परत येऊन बसल्या आणि त्यांनी मलाच दटावलं, "कुडकुडून राहिली ना बिचारी! दिसत नाही का तुला?"