गावातलं पहिलं घर
मी शाळेतून निवृत्त झालो त्या वर्षी अमेरिकेतल्या लेकीनं तिच्या गावाची छापील माहिती पाठवली. चार गल्ल्यांचं गाव, पण ओढा कुठून येतो, पहिलं घर कुणाचं, सगळं त्यात होतं. मलाही कुंभार पिंपळगावचं तसं लिहावंसं वाटलं. पारावर दोन जाणत्या म्हाताऱ्यांना विचारलं, “गावात पहिलं घर कुणाचं?”

“आमचं,” दोघंही म्हणाले आणि तासभर भांडत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांतला एक दारात हजर. “गुरुजी, आमचं नाव बराबर लिहिलं का न्हाई?”

वैतागून मी वही त्याच्याच हातात दिली. आठवड्यानं त्यानं ती भरून आणली. पानोपानी त्याच्या भावकीची नावं होती. गावाबद्दल एक ओळ नव्हती.